कामगार अधिकारी : आपल्या मुलामुलींसाठी एक निराळी वाट



लागणीच्या नोंदी घ्यायला आम्ही शिवारात येतो, तेव्हा उसापेक्षा पोराबाळांच्या शिक्षणाच्याच गोष्टी जास्त निघतात. पोरगं बी. ए. झालंय, पोरगी बी. कॉम. झालीय, साहेब, आता कुठल्या लाइनला घालावं? इंजिनिअर, केमिस्ट, शेतकी ओव्हरसियर ही नावे सगळ्यांना ठाऊक. पण कारखान्याच्या ऑफिसात आणखी एक टेबल असते, कामगार अधिकाऱ्याचे. 'मला ते व्हायचंय' असे म्हणणारा मुलगा आम्हाला अजून भेटायचा आहे. म्हणून शेतकी खात्याचे असूनही या वेळी आम्ही खोडवा आणि खते बाजूला ठेवून या कामाविषयी लिहीत आहोत.

आधी आपला, म्हणजे ऊसवाल्याचा, संबंध पाहू. दिवसाला २,५०० टन गाळणारा कारखाना एक पाळी, म्हणजे आठ तास, बंद राहिला तर सुमारे ८३० टन ऊस गव्हाणीबाहेर पडून राहतो. एकरी ४० टन धरले तर हा वीस एकरांचा ऊस झाला. तुटलेला ऊस उभ्या उसासारखा थांबत नाही. जसजसा उशीर होतो तसतसे वजन घटते आणि साखरही घटते. वजनाचा तोटा त्या सभासदाचा, उताऱ्याचा तोटा सगळ्यांचा. यंत्र मोडून मिल थांबली तर फिटर आहे. माणसे बिनसून थांबली तर तिथे पाना चालत नाही.

आणि माणसे दर वेळी पगारावरूनच बिनसतात असे नाही. पगारवाढीचा मोठा प्रश्न राज्य पातळीवर त्रिपक्षीय समितीत बोलला जातो. कारखान्यात आतल्या आत धुमसते ते वेगळेच असते. समजा, हंगामी कामगारांना बोलावण्याची पत्रे निघाली. सेवाज्येष्ठतेच्या यादीत वर असलेला माणूस घरी बसला आणि खालच्याला आधी पत्र गेले. चौकशीला गेला तर टाइम ऑफिसात कोणीतरी म्हणाले, "तुला काय घाई झालीय?" संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर ठरून गेले की तो दुसरा माणूस संचालकांचा पाहुणा आहे. मग चार दिवसांनी गव्हाणीवरची पाळी खाली बसते आणि सगळे विचारतात, अचानक काय झाले!

अचानक काही झालेले नसते. चांगला कामगार अधिकारी इथे पहिली गोष्ट करतो ती म्हणजे त्या माणसाला एकट्याला बसवून ऐकतो. घोळक्यात माणूस घोळक्याचे बोलतो, स्वतःचे बोलत नाही. मग तो दोन गोष्टी वेगळ्या काढतो. पत्र उशिरा गेले ही एक, आणि टाइम ऑफिसात पाणउतारा झाला ही दुसरी. पहिलीचे उत्तर यादी टेबलावर उघडून देता येते. दुसरीचे कागदाने देता येत नाही. तिथे दोघांना समोरासमोर बसवावे लागते. जे ठरेल ते मराठीत लिहायचे, मोठ्याने वाचून दाखवायचे आणि मग सह्या घ्यायच्या. यादीतच चूक निघाली, तर कार्यकारी संचालकांपुढे जाऊन "चूक आपली आहे" असे सांगायचे. याला मात्र छाती लागते.

बांधाच्या भांडणात मध्यस्थी केलेले पुष्कळ सभासद म्हणतील, यात शिकायचे काय, हे आम्ही रोज करतो. फरक आहे. भावकीत आपण एकाला म्हणतो, "जाऊ दे, तू लहान हो." कारखान्यात असे चालत नाही. कामगार कितीही दोषी दिसला तरी आरोप लेखी द्यावे लागतात, त्याचा खुलासा घ्यावा लागतो, साक्षीदारांना उलट प्रश्न विचारण्याची संधी द्यावी लागते. ही चौकशी उरकून टाकली तर न्यायालय त्याला मागील पगारासह परत कामावर घ्यायला लावू शकते. तो पैसा शेवटी कारखान्याच्या, म्हणजे सभासदांच्याच तिजोरीतून जातो.

आपल्याकडची सर्वांत अवघड गोष्ट निराळीच आहे. कामगार सभासदाचा मुलगा, युनियनचा पुढारी त्याच्या मामाच्या गावचा, संचालक शेजारच्या गटातले. अशा ठिकाणी अधिकारी कुणाचाच माणूस नसावा लागतो. कामगार म्हणतात हा वरच्यांचा, वरचे म्हणतात हा युनियनचा. दोघेही असे म्हणू लागले की काम बरे चालले आहे, असे आम्ही धरतो! खुर्चीचा रुबाब हवा असलेल्या मुलाला या वाटेला धाडू नये.

कायदा मात्र पक्का लागतो. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि १८९० मध्ये आठवड्याची सुटी पदरात पडली. त्या वेळी हाताशी अर्ज आणि सभा, एवढेच होते. पुढे १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा आणि १९४८ चा कारखाना कायदा आला. ५०० किंवा अधिक कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी हवाच, हे कारखाना कायद्याने ठरवले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांत कल्याण अधिकाऱ्यासाठीची ही संख्या २५० वर आली आहे आणि २० किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती सांगितली आहे. या समितीत दोन्ही बाजूंची माणसे सारखी असतात. तेव्हा मुलाने जुनी गाइडे पाठ करत बसू नये.

शिक्षण म्हणाल तर कुठल्याही शाखेची पदवी घेऊन पुढे समाजकार्याची एम. एस. डब्ल्यू. किंवा कामगार कायदे व कामगार कल्याण यांची पदविका घेता येते. मुंबईत परळला लोखंडे यांच्याच नावाची राज्य शासनाची श्रमविज्ञान संस्था आहे. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था आहे, कोल्हापुरात सायबर आहे. नोकरी साखर कारखान्यातच मिळेल असे नाही. सूतगिरणी, दूध संघ, औद्योगिक वसाहतीतले कारखाने, शासनाचे कामगार खाते इथेही ही पदे असतात. मुलींनी हे आपले काम नव्हे असे समजू नये. बायका कामावर असतात तिथे कितीतरी तक्रारी पुरुष अधिकाऱ्यापुढे बोलल्याच जात नाहीत.

प्रवेशाआधी मुलाला एखाद्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात महिनाभर बसवता आले तर बघा. हजेरी, रजा, ओव्हरटाइम, पाळीबदल यांवरून रोज काय काय कुरबुरी होतात ते त्याला दिसेल. आणि दुसऱ्याचे गाऱ्हाणे अर्धा तास न बोलता ऐकणे त्याला जमते का, तेही कळेल.