आधी सेल्फ मारणं थांबव

चि. बाळास,


पत्र पोचलं. पोफळीपासून कुंभार्ली घाट चढताना तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला, तरी मालकाने गाडी दामटली, वर येऊन ती बंद पडली आणि आता काही केल्या सुरू होत नाही. तू लिहितोस की कालपासून सेल्फ मारून पाहतो आहेस. ते आधी थांबव. हेड गॅस्केट उडालं असेल तर कुलंट सिलिंडरमध्ये उतरतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन त्या पाण्यावर आपटला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि हेडपुरतं असलेलं काम अख्ख्या इंजिनावर जातं.

इंजिन पूर्ण थंड असू दे. पेट्रोल पंपाचा फ्यूज आणि कॉइलचे कनेक्टर काढ, मग तीन सिलिंडरचे तिन्ही प्लग बाहेर घे आणि क्रमाने मांड. दोन काळपट आणि एकच धुतल्यासारखा स्वच्छ, ओला निघाला, तर पाणी तिथेच गेलं आहे. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवून बघ. प्लग काढूनही हलत नसेल तर पिस्टन नाहीतर बेअरिंग धरलं आहे. मग जोर करू नकोस. फिरलं, तर बाजूला उभा राहून सेल्फ दे. प्लगच्या भोकातून पिचकारी उडाली तर वेगळा पुरावा शोधायला नको. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसतो का, तेही बघ.

आता कान वापर. धड इंजिन सेल्फवर दमादमाने फिरतं, प्रत्येक दाबाला किंचित अडतं. प्लग बसवल्यावरही ते एका सुरात भरभर फिरत असेल तर आत दाब उरलेला नाही. कॉम्प्रेशन गेज लाव, बॅटरी भरलेली ठेव, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाब आणि आकडे लिहून ठेव. चांगल्या पेट्रोल इंजिनात साधारण १० किलोच्या वर दाब मिळतो, आणि सिलिंडरा-सिलिंडरात फार फरक नसतो. शेजारचे दोन पडले असतील तर त्यांच्या मधलं गॅस्केट फुटलं आहे असं समज. तिन्ही पडले असतील तर प्रत्येकात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा माप. दाब वाढला तर रिंगा गेल्या. नाही वाढला तर दोष वर आहे, हेड, गॅस्केट किंवा वॉल्व्हमध्ये. टायमिंग सरकलं तरी असंच होतं, तेही तपास.

दाब चांगला मिळाला तर हेडला हातही लावू नकोस. उष्णतेने क्रँक सेन्सर मरतो, कॉइल मरते, कुलंटचा सेन्सर खोटं तापमान सांगतो. स्पार्क आणि पेट्रोल बघ, स्कॅनर लाव. घाईत हेड उघडणारे मेकॅनिक मला आवडत नाहीत. त्यात गिऱ्हाइकाचा पैसा जातो आणि दोष तसाच राहतो.

हेड उतरवावंच लागलं तर सरळपट्टी आणि फीलर गेज लावल्याशिवाय बसवू नकोस. ॲल्युमिनियमचं हेड तापलं की वाकतं, आणि बहुतेक छोट्या इंजिनांना ०.०५ मिमीपर्यंतच वाकडेपणा चालतो. त्यापुढे फेसिंग करून घे. बोल्ट टॉर्क रेंचनेच, कंपनीने दिलेल्या क्रमाने आवळ.

पण बाळा, गाडी का तापली, हे शोधल्याशिवाय तिची चावी परत देऊ नकोस. पंख्याचा फ्यूज, रिले, मोटर; थर्मोस्टॅट; वॉटर पंप; पाइपांच्या क्लिपा; आणि रेडिएटरचं झाकण. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. ०.९ च्या दाबाखाली पाणी १०० ऐवजी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. रबर कडक झालेलं झाकण हा दाब धरत नाही, आणि घाटात नेमकं तिथेच घात होतो.

मालकालाही नीट समजाव. काटा चढला की गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं, झाकण गरम असताना उघडायचं नाही, तापल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही. पाणी संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येतो, तेव्हा काटा उतरला म्हणून पुढे निघायचं नाही. खर्चाचा आकडा मात्र त्याला आज सांगू नकोस. आधी तिन्ही सिलिंडरचे आकडे, कोरडे आणि तेल घातलेले, मला फोनवर कळव. तोवर नवं गॅस्केटसुद्धा मागवू नकोस.

तुझा,
मामा