परदेशी कॉल, देशी सिम

प्रश्न: परदेशातले इंटरनेट कॉल जीएसएम गेटवेतून स्थानिक करून द्यायचे आहेत. सेटिंग कसे करावे?

उत्तर: हे करू नका, अशी कळकळीची विनंती आहे. गेटवेच्या प्रत्येक चॅनेलला एक सिम लागते आणि इंटरनेटवरून आलेला कॉल त्या सिमच्या नंबराने पुढे जातो. लंडनहून बोलणाऱ्याचा मूळ नंबर पुसला जातो, घेणाऱ्याला भारतीय नंबर दिसतो. फसवणूक झालीच तर पोलिसांचा माग तुमच्या खोलीपाशी येऊन थांबतो. कॉल स्वस्त होतो, मग कोणाचे बिघडते, असे तुम्ही म्हणाल. मोबाइल कंपनीचे आंतरराष्ट्रीय शुल्क बुडते हे झालेच. पण एका माणसाला फार तर ९ सिम मिळत असल्याने धंदा वाढला की दुसऱ्यांच्या नावावरची सिम गोळा होतात, आणि अनेकदा त्या बिचाऱ्यांना पत्ताही नसतो. दूरसंचार कायदा, २०२३ नुसार परवानगीविना अशी सेवा दिल्यास ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.