हाताने गोळा केलेले मासे

मे महिन्यात घटप्रभेचं पाणी बंधाऱ्यांच्या मागे तुंबून राहतं. अशाच एका उन्हाळ्यात पुतण्या नेसरीच्या घरी पोतंभर मासे घेऊन आला. "काका, गळ बी टाकाय लागला न्हाई, हातानंच गोळा केलं!"

पोतं सोडलं. चिलापी, शिंगटी आणि तळाशी दोन मरळ. चिलापीच मेल्या असत्या तर तुंबलेल्या पाण्यातला प्राणवायू संपला, असं म्हणता आलं असतं. पण मरळ वर येऊन हवा घेते, तशा पाण्यातही ती तगते. तीही उलथली म्हणजे पाण्यात काहीतरी पडलं असावं. सगळं पोतं खड्ड्यात पुरलं. पुतण्या रुसला, रुसू दे.

डोहात कीटकनाशक किंवा ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारणारे आहेतच. असा मासा तासाभरापूर्वी मेलेला असेल तर कल्ले लालच दिसतात, डोळे टपोरेच असतात, बोटाने दाबलेलं मांस लगेच वर येतं. या खुणा ताजेपणाच्या. विषाचा पत्ता त्या देत नाहीत. रस्सा कितीही उकळला तरी कीटकनाशक जाईल याचा भरवसा नाही. म्हणून तरंगणारा, गरगरणारा मासा उचलायचाच नाही.

जात ओळखावी, ती फसगत टाळायला. मरळीला खवले असतात आणि डोकं सापासारखं. मांगूर बिनखवल्याचा, तोंडाला आठ मिशा. कटल्याचं डोकं मोठं, तोंड वर वळलेलं. परदेशी मांगूर पाळायला 2000 सालापासून बंदी आहे, तरी तो बाजारात दिसतो.

कोकणातून घाट चढून येणाऱ्या बांगड्याचं निराळंच. बर्फाविना राहिला की त्यात हिस्टामाइन तयार होतं. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात. तेही शिजवून जात नाही. विषारी केंड मासा तर फुकट मिळाला तरी नको.

आता सर्वांत महत्त्वाचं. रोहू, कटला, गवत्या साफ करताना हिरवी पित्ताची पिशवी न फोडता काढून टाका. मधुमेहावर, दम्यावर औषध म्हणून ती कच्ची गिळणारे आहेत. काही तासांत उलट्या-जुलाब होतात, ते थांबले की माणूस बरा झालासं वाटतं आणि दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं निकामी होऊ लागतात. कुणी गिळलीच असेल तर उलट्यांची वाट बघू नका. लगेच दवाखाना गाठा, 'माशाचं पित्त गिळलंय' असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि पुढचे काही दिवस लघवी कमी होतेय का, यावर नजर ठेवा.