रस्त्यावरील दुखापतीचे मोल

मनुष्याच्या प्राणाची किंमत पैशांत सांगा, असे कोणी म्हटल्यास सुज्ञ वाचक कानांवर हात ठेवील; आणि मनुष्य ईश्वराच्या प्रतिरूपाने निर्माण झाला असे मानणाऱ्या आम्हां ख्रिस्ती लोकांस तर हा प्रश्नच अभद्र वाटेल. तथापि सरकारी तिजोरीत पैसा मोजकाच असतो. वळणावर कठडा बांधावा, की तोच पैसा दवाखान्यास द्यावा, ही निवड करावीच लागते. आणि हिशेबात न मांडलेला प्राण बहुधा शून्य धरला जातो.

ग्रेट ब्रिटनमध्ये पूर्वी हा हिशेब असा करीत: मेलेला मनुष्य जगता तर किती कमावता, तेवढे राष्ट्राचे नुकसान. रीत सरळ दिसते. पण मग घरी बसलेल्या आजोबांचे मोल काय? काहींनी तर कमाईतून मनुष्याच्या अन्नवस्त्राचा खर्चही वजा केला. तेव्हा वृद्धांच्या मरणाने देशाचा लाभच होतो, असे उत्तर निघू लागले! असे उत्तर येते त्या गणिताची मांडणीच तपासली पाहिजे.

१९६८ साली टॉमस शेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने ती मांडणी फिरविली. प्रश्न एका विशिष्ट मनुष्याच्या प्राणाचा नसून पुष्कळांच्या थोड्याथोड्या धोक्याचा आहे, हे त्याने दाखविले. समजा, एक लाख वस्तीच्या शहरात रस्त्यांवर वर्षाला ५ माणसे मरतात, आणि एका सुधारणेने ती ४ होतील. वाचणारा कोण, हे कोणासही ठाऊक नाही. प्रत्येकाचा धोका तेवढा लाखात एकाने घटतो. एवढ्यासाठी प्रत्येक जण सरासरी ५० रुपये खुशीने देईल, तर बेरीज ५० लाख होते. एक प्राण वाचविण्याच्या नावे मांडावयाची रक्कम ती हीच. तिला माणसाची किंमत म्हणणे चूक होय.

ब्रिटनच्या वाहतूक खात्याने १९८८ मध्ये मृत्यूंसाठी ही रीत स्वीकारून एका मृत्यूमागे ५ लाख पौंड धरले. पुढे दुखापतींसही ती लागू झाली. गंभीर दुखापतीची रक्कम मृत्यूच्या सुमारे दशमांश येते. तीत औषधोपचार व बुडालेली कमाई आहेतच, परंतु सर्वांत मोठा वाटा वेदना आणि दुःख यांचा. मोडका पाय जन्मभर ओढणाऱ्या मुलाचे हाल सरकारी वहीत लिहिले जातात, हे माझ्या मते या रीतीचे सर्वांत मोठे काम.

मात्र एक अडचण उरते. ५० रुपये श्रीमंतास काहीच नाहीत. गरिबाच्या घरी ते एक वेळचे जेवण. ज्याचा त्याचा आकडा धरल्यास मजुरांच्या वस्तीतील रस्ता सदैव मागे पडेल. म्हणून ब्रिटनमध्ये, रस्ता कोणाच्याही दारावरून जावो, सर्वांस एकच सरासरी रक्कम लावतात.