आखाजीचं तिकीट

सटाणा,
११ जानेवारी २०२६

चि. पिंट्यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तू आखाजीला यायचं तिकीट काढलंस, हे काल कळलं. मला नाही सांगितलंस, अक्कालाही नाही. सांगितलंस ते मामेबहिणीला, आणि वर ताकीद दिलीस की मामाला इतक्यात बोलू नको. ती माझी मुलगी आहे, एवढं तरी लक्षात ठेवायचं. रात्रीचं जेवण होईपर्यंतसुद्धा तिच्या पोटात राहिलं नाही.

आता सरळ विचारतो. ते तिकीट रद्द होतं का? पैसे किती बुडतात?

तू म्हणशील, मामा तहसील कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस, त्याला अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसातलं काय कळतं. गेले तीन आठवडे मी दुसरं काही वाचलेलं नाही. कारण नामपूरच्या अंगाला एक मुलगा येऊन बसलाय. चुलत बहिणीच्या लग्नाला आला, त्यातच व्हिसाचं स्टॅम्पिंग उरकून घेऊ म्हणाला. मुंबईची डिसेंबरातली मुलाखत ठरलेली होती, कागद तयार होते. मग ई-मेल आला, तारीख थेट मार्चात. वकिलातीने बजावलंय की जुन्या तारखेला दारात आलात तर आत घेणार नाही. बायको आणि पोरगा तिकडे, हा इकडे. रात्रभर लॅपटॉपवर बसतो आणि दिवसा झोपतो. कंपनी किती दिवस ऐकून घेईल ते त्यालाही माहीत नाही. स्टँडवर चहा पिताना लोक त्याच्याबद्दल ज्या आवाजात बोलतात, तो आवाज मला तुझ्याबद्दल ऐकायचा नाही.

असा तो एकटा नाही. १५ डिसेंबरपासून एच-वन-बीवाल्यांची आणि त्यांच्या घरच्यांची सोशल मीडियाची खाती तपासायचा नियम आला, आणि डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यातल्या कितीतरी मुलाखती मार्चात आणि त्याच्याही पुढे ढकलल्या गेल्या. त्याआधी २ सप्टेंबरपासून ड्रॉपबॉक्स बहुतेकांना बंद झाला. पूर्वी कागद टाकून पासपोर्ट परत मिळायचा, आता समोर उभं राहावंच लागतं. मेक्सिको-कॅनडात जाऊन शिक्का मारून आणायची वाटही त्याच महिन्यात बुजली. आपल्या देशात किंवा जिथे राहतो तिथेच अर्ज करा म्हणाले. आणि अमेरिकेत बसल्या बसल्या शिक्का मिळायची सोय तर २००४ सालीच गेली. दोन वर्षांपूर्वी वीस हजार लोकांपुरती ती परत करून पाहिली, तर तुझा जुना शिक्का त्यांच्या तारखांत बसला नाही. म्हणजे तुला शिक्का हवा तर भारतात येणं भाग, आणि भारतात आलास की शिक्क्याशिवाय परत जाणं नाही.

अक्काला मी हे बाजार समितीवरून समजावलं. कांद्याचा ट्रॅक्टर गेटातून आत जाताना नोंद होते. एकदा आवारात लागला की गेटवर कोण बसलंय याची फिकीर नाही. पण काही कारणाने बाहेर काढला, की पुन्हा रांगेच्या शेपटाला. तुझा शिक्का २०२२ मध्ये संपला तरी तुझं तिथलं राहणं कायदेशीर आहे, कारण ते त्या आय-७९७ मंजुरीच्या कागदावर आणि आय-९४ नोंदीवर चालतं, आणि तो कागद २०२७ पर्यंतचा आहे. डॅलसमध्ये बसलास तोवर तुला कोणी हात लावत नाही. एकच गोष्ट करायची नाही, ती म्हणजे गेटाबाहेर पडायचं. आणि तू नेमकी तीच करायला निघालास.

का निघालास ते मला कळत नाही असं समजू नकोस.

१९ एप्रिलला अक्षय्य तृतीया, आपली आखाजी. दाजींची पहिली घागर. श्रावणात दाजी गेले तेव्हा तू फोनच्या काचेतून सगळं पाहिलंस, आणि ‘येऊ नकोस, तू यायच्या आत सगळं उरकलेलं असेल, आणि परत जाता येणार नाही’ असं तुला मीच सांगितलं होतं. त्याबद्दल तुझ्या मनात माझ्यावर राग असेल तर असू दे. दहाव्याला अक्का माझ्याशी बोलली नाही. पण तेव्हा सांगितलं तेच आज सांगतोय, आणि आज तर दारं आणखी घट्ट झालीत.

पिंट्या, माझं जरा ऐक. मी तुझ्या आजच्या वयाहून चार-पाच वर्षांनी लहान होतो तेव्हा महसूल अर्हता परीक्षा पास झालेला होतो. पुढे नायब तहसीलदार म्हणून पदोन्नती आली ती अक्कलकुव्याला. नंदुरबार जिल्हा तेव्हा व्हायचा होता, सगळं धुळ्यातच. मी नाकारली. साहेबांना सांगितलं, आई म्हातारी आहे, घरी करणारं कोणी नाही. आई खरंच म्हातारी होती, पण करायला तुझी मामी होती, अक्का हाकेच्या अंतरावर होती. खरं सांगू का? मला तो डोंगर, ती भाषा, तिथल्या नव्या साहेबाची भीती वाटली होती. आई हे नाव पुढे केलं. आई मरेपर्यंत बाजारातल्या प्रत्येकाला सांगायची, माझ्यासाठी पोराने मोठी नोकरी सोडली. मी मान खाली घालून ऐकायचो. त्यामुळे कोणी ‘घरच्यांसाठी’ म्हणून हातातलं सोडायला निघाला की मला आधी शंका येते. तुझं तसं नाही, तू घाबरट नाहीस, तुला ओढ लागलीय. पण वकिलातीच्या खिडकीतल्या माणसाला ओढ दाखवायला कागद कोणता लावशील?

खिडकीचं मात्र मला विचार. मी आतल्या बाजूला आयुष्य काढलंय. आतल्या माणसाला गोष्ट नको असते, ताळा हवा असतो. तू तोंडाने जे सांगतोस ते आणि कागदावर जे आहे ते जुळतं की नाही, एवढंच तो पाहतो. पगार किती, काम काय, कुठे बसून करतोस, पगार देतो कोण आणि काम घेतो कोण. व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात जे भरलंस तेच कंपनीच्या पिटिशनमध्ये, तेच पगाराच्या चिठ्ठीवर, तेच तुझ्या तोंडी. मधे घर बदललं, कामाची जागा बदलली, त्याचा कागद कंपनीने भरला का? वकिलाला आजच विचार. विचारलं तेवढंच बोलायचं. तुला लहानपणापासून एका प्रश्नाला तीन उत्तरं द्यायची खोड आहे, दाजींसारखी. तिथे ती चालायची नाही. आणि जमलं नाही तर २२१-जी म्हणून चिठ्ठी हातात देतात, पुढे चौकशी. ती कधी आठवड्यात संपते, कधी महिने खाते, आणि तू त्यावर काहीही करू शकत नाहीस. मग तुझ्या घराचा हप्ता कोण भरणार? छकुलीची शाळा? ती तिथली नागरिक, तिला कोणी अडवत नाही. अडकणार ते तुम्ही दोघं नवरा-बायको.

सोशल मीडियाचं एक. फॉर्मवर पाच वर्षांतली सगळी खाती लिहावी लागतात, आणि आता ती उघडी ठेवायची. एका रात्रीत सगळं पुसून टाकायचा शहाणपणा करू नकोस, आणि एखादं खातं लपवू तर मुळीच नको. कांद्याच्या भावावरून मी सरकारचा उद्धार करतो तेव्हा तुला टॅग करतो, ते आजपासून बंद. तूही माझ्या पोस्टवर अंगठा टाकू नकोस. मामीने म्हटलं, यांच्या शिव्या अमेरिकन साहेबाला कळणार कशा? तरी नको.

आता जे ऐकून माझं डोकं फिरलं ते. नाशिकचा कोणी एजंट म्हणे पैसे घेऊन लवकरचा स्लॉट काढून देतो, आणि तू त्याला लॉगिन द्यायचा विचार करतोस. तू इंजिनिअर ना रे? गेल्या मार्चमध्येच वकिलातीने असे बॉटने धरलेले दोनेक हजार स्लॉट एका फटक्यात रद्द केले आणि ती खातीही गोठवली. कचेरीच्या आवारात फिरणारे असे लोक मी खूप पाहिले. काम झालं तर त्यांच्यामुळे, बिघडलं तर साहेबामुळे. त्याला पासवर्ड दिलास तर माझ्याशी बोलू नकोस.

आपल्या गावाला याबाबतीत एक वाईट सवय लागून गेली आहे. १८७०-७१ च्या दुष्काळात इथल्या मामलेदाराने सरकारी खजिना लोकांसाठी मोकळा केला, आणि गावाने त्याला देव केलं. मार्गशीर्षात यात्रा भरते, तूही लहानपणी माझ्या खांद्यावरून पाळणे पाहिलेस. त्यामुळे प्रत्येक खिडकीत एखादा यशवंतराव महाराज बसला असेल असं आपल्याला वाटतं. मी महाराजांना रोज हात जोडतो, पण त्यांच्याच खात्यात नोकरी केली म्हणून सांगतो, असा अधिकारी शतकात एखादा. बाकीचे माझ्यासारखे.

रागावलो, कळतंय. मामी म्हणते, पोराला बाप जाऊन वर्ष झालं नाही आणि तुम्ही कलमं लावताय.

बरं. मग असं कर. आखाजीचं तिकीट रद्द कर, यायचं रद्द करू नकोस. आधी मुंबईचा स्लॉट हातात येऊ दे, मग कंपनीकडून लेखी घे, अडकलास तर किती दिवस इथून काम करू देतील. मग तिकीट. एच-वन-बीची ती लाख डॉलरची फी तुझ्यासारख्या जुन्यांना नाही हे मी दोनदा वाचून घेतलंय, तरी वकिलाच्या तोंडून ऐक. सूनबाईलाही शिक्का लागणारच. पण पहिल्या वेळी एकटा ये. तुझं ग्रीन कार्ड येईल आणि मग सगळे सुटतील या आशेवर तर बसूच नकोस. २०१३ सालातल्या अर्जांचा नंबर आत्ता चालू आहे म्हणतात, आणि तुझा २०१८ चा. तितकी वर्षं अक्काकडे आहेत का, हे मी लिहीत नाही.

घागरीची काळजी सोड. चुलतभाऊ भरेल, गुरुजींना विचारलंय, चालतं. मी शेजारी बसेन. डांगर मी स्वतः बघून आणीन, सांजोऱ्या मामी करते म्हणाली. अक्काला गेल्या आठवड्यात मीच विचारलं, पोरगा यंदा नाही आला तर? ती डाळिंबाच्या बागेकडे बघत म्हणाली, त्याची नोकरी गेली तर त्याच्या बापाला आवडेल का? तेल्या रोगाने बाग गेली त्या वर्षी दाजींनी तुझी फी कशी भरली, ते तिला माझ्यापेक्षा जास्त आठवतं. म्हणजे ती समजून आहे. तिच्यापासून लपवलंस तेवढंच वाईट केलंस.

आणि समज, सगळं नीट करूनही अडकलास, तर अडकलास. वरची खोली रिकामी आहे, इंटरनेट नवीन घेतलंय, रात्री कामाला बसलास तर मामी बाराला चहा करून देईल, तिला तशीही झोप नाही. घराच्या हप्त्याचं दोन-तीन महिने माझं पेन्शन आहे. नाही म्हणू नकोस, डॉलरमध्ये ते किती होतं याचा हिशेबही करू नकोस. मुलाखतीला मी तुझ्याबरोबर मुंबईला येणार. एक दिवस बोटांच्या ठशांना, एक दिवस वांद्र्याच्या त्या बीकेसीत. आदल्या रात्री मुक्काम तिकडेच करू, सकाळच्या गाडीच्या भरवशावर नको. आत मोबाइल नेऊ देत नाहीत. तुझा फोन आणि पिशवी धरून मी रस्त्यापलीकडे उभा राहीन. ऊन असलं तरी काही होत नाही मला.

हे पत्र हाताने लिहिलंय, नातू त्याचे फोटो काढून तुला पाठवील. अक्षर लागलं नाही तर विचार. रविवारी फोन कर, अक्काला सकाळी नऊनंतर, त्याआधी ती माळ्याशी भांडत असते. तिला तिकिटाचं तूच सांग. मी सांगणार नाही.

तुझा,
मामा