दोष भिंगाचा की तपासणीचा?
घरच्या घरी तीन जुन्या भिंगांची तुलना



'ही वस्तू चांगली, ती वाईट' असे आपण दिवसातून कितीतरी वेळा म्हणतो. पण तसे म्हणण्यापूर्वी आपण दोन्ही वस्तू सारख्याच परिस्थितीत तपासलेल्या असतात का? बहुधा नाही. कोणीतरी सांगितलेले असते, किंवा एकदा वाईट अनुभव आलेला असतो. अशा एका निकालामुळे आमच्या घरातला एक कॅमेरा वीस वर्षांहून अधिक काळ कपाटात पडून होता. तो पुन्हा बाहेर कसा आला, त्याची ही हकीगत. नववी-दहावीच्या विज्ञानात आणि भूमितीत आपण जे शिकतो, तेच यात उपयोगी पडले, म्हणून ती येथे देत आहोत.

आमचे वडील (घरात सगळे त्यांना आण्णा म्हणतात) बडोद्याजवळच्या कोयली येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात नोकरीला होते. सोव्हिएत रशियाच्या सहकार्याने उभारलेला हा कारखाना १९६५ साली सुरू झाला. तेथून मायदेशी परतणाऱ्या एका रशियन अभियंत्याकडून आण्णांनी एक कॅमेरा विकत घेतला. त्यावर 'ज्युपिटर-८' हे ५० मि.मी. नाभीय अंतराचे भिंग होते. आमच्या मुंजी, सहली, बहिणीचे लग्न, सारे या कॅमेऱ्याने टिपले.

पुढे २००३ साली आमच्या थोरल्या मुलीचे बारसे झाले. आण्णांनी घरातल्या मंद उजेडात फोटो काढले आणि जवळजवळ सगळे बिघडले. पाळण्याची पुढची झालर स्पष्ट, पण बाळाचा चेहरा धूसर! दुकानदाराने फोटो पाहून सांगितले, "भिंग गेलं. रशियन माल असाच." आण्णा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर एवढेच म्हणाले, "भिंग कसलं, माझीच नजर गेली." त्यानंतर त्यांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत आमच्या धाकट्या मुलाने कपाट आवरताना तो कॅमेरा काढला आणि विचारले, "आजोबा, भिंग खरंच खराब आहे का? कोणी तपासलं होतं?" कोणीही तपासले नव्हते. म्हणून आम्ही बाप-लेकांनी तपासायचे ठरवले.

तीन भिंगे

तुलनेसाठी आणखी दोन भिंगे मिळवली. एका परिचित छायाचित्रकारांनी दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे जर्मन 'एल्मार' दिले. जुन्या बाजारात 'इंडस्टार-२२' हे रशियन भिंग मिळाले. तिन्हींचे नाभीय अंतर ५० मि.मी. आणि तिन्हींना ३९ मि.मी. व्यासाचे सारखेच आटे.

एल्मार हे मॅक्स बेरेक यांनी लायका कॅमेऱ्यासाठी तयार केलेले भिंग. लायका १९२५ साली बाजारात आला. एल्मारमध्ये काचेचे चार तुकडे तीन गटांत बसवलेले असतात. १९०२ सालच्या 'टेसार' भिंगाची मांडणीही अशीच होती आणि इंडस्टार-२२ ही त्याच घराण्यातले. ज्युपिटर-८ चा मूळ पुरुष मात्र वेगळा. १९३२ साली आलेल्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी लुडविग बर्टेले यांनी 'सोनार' भिंग रचले होते. महायुद्धानंतर जर्मनीतील ती विद्या आणि यंत्रसामग्री रशियात गेली आणि सोनारवरून ज्युपिटर तयार झाले. त्यात सहा तुकडे तीन गटांत असतात.

येथे एक सावधगिरी सांगून ठेवतो. अनेक रशियन भिंगांवर पुढे कोणीतरी 'एल्मार' असे नाव कोरून ती महाग विकली आहेत. खऱ्या एल्मारमध्ये प्रकाश कमी-जास्त करणारी पडद्यांची चकती पहिल्या काचेच्या लगेच मागे असते, तर रशियन भिंगात ती दुसऱ्या काचेच्या मागे असते. म्हणजे कोरलेले नाव हा पुरावा नव्हे, आतली रचना हा पुरावा.

पहिल्या दिवशीची फजिती

मामेभावाचा नव्या पद्धतीचा, आरसा नसलेला डिजिटल कॅमेरा आणला. त्यावर जोडकडे लावून ही भिंगे बसतात. (एल्मार आणि इंडस्टार यांची नळी आत ढकलता येते. डिजिटल कॅमेऱ्यावर ती कधीही आत ढकलू नये, कारण ती आतल्या भागाला लागू शकते.) भिंतीवर वर्तमानपत्राची पाने चिकटवली, दोन मीटरवर तिपाई ठेवली आणि प्रत्येक भिंगाने एकेक फोटो काढला.

निकाल लागला: इंडस्टार पहिले, एल्मार दुसरे, ज्युपिटर शेवटचे. म्हणजे दुकानदार बरोबर! मुलगा हिरमुसला. मग सहज म्हणून तोच प्रयोग पुन्हा केला, तर ज्युपिटर पहिले आले. मग एकट्या ज्युपिटरनेच तीन फोटो काढले. तेही एकमेकांसारखे नव्हते!

हा या पाठातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. एकाच भिंगाच्या तीन फोटोंत जेवढा फरक पडत असेल, तेवढाच फरक दोन भिंगांत दिसला, तर त्यावरून भिंगांविषयी काहीही सिद्ध होत नाही. आमची पद्धतच ढिली होती. बटण दाबताना तिपाई हलत होती, खिडकीतला उजेड ढगांमुळे बदलत होता, आणि प्रत्येक वेळी फोकस थोडा इकडे-तिकडे होत होता.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी

दुसऱ्या दिवशी नियम केले. रात्री, एकाच दिव्याच्या उजेडात फोटो काढायचे. बटण दाबल्यावर दोन सेकंदांनी फोटो निघेल अशी योजना करायची. पडद्यावर चित्र मोठे करून दरवेळी नव्याने फोकस करायचा. प्रत्येक भिंगाने तीन फोटो काढायचे आणि त्यांतला उत्तम तो धरायचा. भिंगाखेरीज काहीही बदलायचे नाही.

छिद्र सारखे ठेवण्यातही एक गंमत निघाली. एल्मारवर ३.५, ४.५, ६.३, ९ असे जुन्या पद्धतीचे आकडे आहेत, तर रशियन भिंगांवर ४, ५.६, ८ असे. म्हणून ३.५ आणि ६.३ ही दोन मापे ठरवली आणि जेथे आकडा नव्हता तेथे कडे दोन आकड्यांच्या मध्ये अंदाजाने ठेवले.

आता निकाल स्थिर आले. छिद्र ३.५ असताना फोटोच्या मध्यभागी तिन्ही भिंगे जवळजवळ सारखी, कोपऱ्यांत एल्मार थोडे मऊ. ६.३ वर तर कागदावर छापलेल्या फोटोंतून कोणता कोणत्या भिंगाचा, हे घरात कोणालाही ओळखता आले नाही. फोटोंच्या मागे क्रमांक लिहून, नावे लपवून आम्ही सर्वांची परीक्षा घेतली. आण्णांनी सर्वांत चांगला म्हणून जो फोटो उचलला, तो 'खराब' ज्युपिटरचा होता!

खरा फरक कोठे दिसला?

खिडकीसमोर, उजेडाकडे तोंड करून फोटो काढल्यावर एल्मारचे चित्र पांढुरके झाले, काळा रंग राखाडी दिसू लागला. याचे गणित तुम्हाला करता येईल. हवेतून काचेत शिरताना थोडा प्रकाश परावर्तित होतो. काचेचा अपवर्तनांक १.५ धरला तर १.५ मधून १ वजा करून आलेल्या ०.५ ला २.५ ने भागा आणि वर्ग करा. उत्तर ०.०४, म्हणजे ४ टक्के. तीन गटांच्या भिंगात हवा आणि काच यांच्या सीमा सहा. ०.९६ चा सहा वेळा गुणाकार केला की ०.७८ येतात. म्हणजे सुमारे २२ टक्के प्रकाश वाटेत परततो आणि त्यातला काही आतच भटकून चित्रावर पसरतो. गट चार असते तर सीमा आठ झाल्या असत्या आणि पलीकडे ७२ टक्केच पोहोचला असता. बर्टेले यांनी काचेचे तुकडे एकमेकांना चिकटवून गट तीनच का ठेवले, ते आता ध्यानात येईल.

१९३५ साली झाइस कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिशय पातळ थर देऊन हे परावर्तन कमी करण्याची युक्ती शोधली. आमच्या एल्मारवर तो थर नाही, दोन्ही रशियन भिंगांवर आहे. ट्यूबलाइटचे प्रतिबिंब भिंगात पाहा: थर नसेल तर ते पांढरे दिसते, असेल तर निळसर-जांभळे. काळ्या कागदाची नळी करून एल्मारपुढे लावली, तेव्हा त्याचेही चित्र पुष्कळ सुधारले.

मग बारशाचे फोटो का बिघडले?

भिंग निर्दोष, तर दोष कॅमेऱ्यात असला पाहिजे. या कॅमेऱ्यांना रेंजफाइंडर, म्हणजे अंतरमापक कॅमेरे म्हणतात. त्यांत दोन झरोक्यांतून आलेल्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसवायच्या असतात. दोन झरोके आणि समोरची वस्तू यांचा त्रिकोण होतो, आणि कोनावरून अंतर ठरते. भिंगाच्या मागच्या कड्याला टेकलेली एक कळ हा कोन आणि भिंगाची जागा यांचा मेळ घालते. पण चित्र मात्र भिंगातूनच पडते. मेळ चुकला तर झरोक्यात सारे ठीक दिसते आणि फोटो बिघडतो.

कॅमेऱ्याची पाठ काढून, फिल्मच्या जागी दुधी चिकटपट्टी ताणून लावली आणि झडप उघडी ठेवली. भिंतीवरच्या कागदावर दोन मीटरवरून झरोक्यातून फोकस केला. पट्टीवरची अक्षरे धूसर! कागद हळूहळू पुढे आणला, तर तो १.७ मीटरवर आल्यावर अक्षरे स्पष्ट झाली. अंतरमापक ३० सें.मी. चुकत होता.

आता हिशेब पाहा. भिंग १.७ मीटरवर रोखलेले असताना छिद्र ८ असेल तर साधारण १.४६ ते २.०३ मीटरपर्यंतचे सारे स्पष्ट येते. म्हणून अंगणातले, भर उन्हातले फोटो चांगले येत राहिले. पण छिद्र २ असेल, तर १.७७ मीटरच्या पलीकडचे धूसर होते. बारशाच्या दिवशी घरात उजेड कमी म्हणून आण्णांनी छिद्र पूर्ण उघडले होते. दोन मीटरवरचे बाळ धूसर आले आणि अलीकडची झालर स्पष्ट. पुरावा त्या फोटोंतच होता, पण तो कोणी वाचला नव्हता.

आण्णांना हे सांगितले तेव्हा त्यांनी अल्बम मागवला, भिंग लावून झालर पाहिली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे नजर नव्हती गेली."

अंतरमापक जाणकार कारागिराकडून जुळवून घेतला. आण्णांनी त्याच भिंगाने, छिद्र २ ठेवूनच, त्याच नातीचे आणि इतरांचे फोटो काढले. छत्तीसपैकी एकतीस स्पष्ट आले. उरलेले पाच का बिघडले, त्याची नोंद आण्णांनी वहीत स्वतः केली आहे.

पालक आणि विश्वस्त मंडळींना एक विनंती. घरातली किंवा शाळेच्या प्रयोगशाळेतली जुनी उपकरणे 'बाद' ठरवण्यापूर्वी ती एकदा मुलांच्या हाती तपासायला द्यावीत. वस्तू वाचेल किंवा न वाचेल, मुलांना तपासणे कसे असते ते कळेल.

घरी करून पाहा

१. दोन मोबाइलच्या कॅमेऱ्यांची तुलना करा. प्रत्येकाने एकाच वस्तूचे तीन-तीन फोटो काढा. आधी एकाच मोबाइलच्या तीन फोटोंतला फरक लिहा, मग दोन मोबाइलमधला.

२. फोटोंमागे क्रमांक लिहून, नावे लपवून घरच्यांना निवड करायला सांगा. नंतर नावे सांगून पुन्हा विचारा. मत बदलले का?

३. पाच गटांच्या भिंगात हवा आणि काच यांच्या किती सीमा येतील? थर नसेल तर किती टक्के प्रकाश पलीकडे पोहोचेल?