परभाषेच्या बाजारात: चीनला माल घ्यायला जाणाऱ्यांसाठी काही धडे

क्रॉफर्ड मार्केट परिसरातील दुकानदार असोत की भिवंडी-मालेगावचे कापडवाले, आपले अनेक व्यापारी बांधव आता माल पाहायला थेट चीनला जातात. ग्वांगझू शहरात १९५७ पासून कँटन मेळा भरतो, वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात. झेजियांग प्रांतातील यीवू हे किरकोळ वस्तूंचे प्रचंड घाऊक केंद्र आहे, तर त्याच प्रांतातील कचियाओ कापडासाठी प्रसिद्ध आहे. मेळ्यात इंग्रजी थोडीफार चालते. बाजारात, कारखान्यात, टॅक्सीत आणि खानावळीत मात्र ती बहुधा चालत नाही. उर्दू, हिंदी, मराठी तर दूरच राहिली.

भाषा येत नाही म्हणून प्रवास अडत नाही. रस्ता चुकला तर तासभर जातो. पण आकडा चुकला तर भांडवल जाते. म्हणून कोणत्या ठिकाणी गैरसमज होतो, ते आपण आधी समजून घेऊ.

१. बोटांचा हिशेब

आपल्याकडे गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा होतो. चीनमध्येही एका हाताने दहापर्यंतचे आकडे दाखवतात, पण पद्धत वेगळी आहे. अंगठा आणि करंगळी उघडी म्हणजे ६. अंगठा आणि तर्जनी उघडी म्हणजे ८. दोन तर्जन्यांची फुली म्हणजे १०. आपल्या माणसाला अंगठा व तर्जनी पाहून २ वाटते. दुकानदार ८ युआन सांगतो आणि आपण २ समजून खूश होतो!

कानाचाही भरवसा नाही. ४ ला ‘स्स’ आणि १० ला ‘श्श’ म्हणतात. दक्षिणेकडील अनेक लोकांच्या उच्चारात हा फरक पुसला जातो. तेव्हा १४, ४० आणि ४४ ऐकून ठरवू नये. भाव कॅल्क्युलेटरवर घ्यावा आणि लगेच वहीत उतरवावा.

२. लाख आणि ‘वान’

आपण हजारानंतर लाख मोजतो. चिनी माणूस दहा हजाराला ‘वान’ म्हणतो आणि पुढची मोजणी त्यातच करतो. १० वान म्हणजे आपला १ लाख, १,००० वान म्हणजे १ कोटी. दुभाषा वानचे इंग्रजी करताना एखादे शून्य इकडचे तिकडे करू शकतो. स्वल्पविरामाची जागाही वेगळी असते. म्हणून मोठी रक्कम सर्व शून्यांसह लिहून घ्यावी आणि शून्ये मोजावीत.

३. वजन, माप आणि सूट

‘जिन’ म्हणजे ५०० ग्रॅम. किलोला ‘गोंगजिन’ म्हणतात. जिनचा भाव किलोचा समजलात तर माल दुप्पट महाग पडेल.

कापडवाल्यांनी दोन शब्द पाठच करावेत: ‘मी’ म्हणजे मीटर आणि ‘मा’ म्हणजे वार. वार ९१.४४ सेंटीमीटरचा असतो. १,००० मीटर समजून १,००० वार घेतले, तर हाती ९१४.४ मीटर येतात. ८५.६ मीटरचे पैसे गेले, आणि यात कोणी कोणाला फसवलेलेही नसते.

सुटीच्या पाटीचेही तसेच. ‘८ झे’ लिहिले असेल तर ती ८ टक्के सूट नव्हे, ८० टक्केही नव्हे. किमतीच्या ८० टक्के रक्कम द्यायची, म्हणजे सूट २० टक्के.

४. ‘होय’ म्हणजे करार नव्हे

‘मेइ वेन्ती’ हे शब्द वारंवार ऐकू येतील. त्याचा अर्थ ‘काही अडचण नाही’. हा व्यवहारातील शिष्टाचार आहे, मालाच्या प्रतीची हमी नाही. म्हणून ‘रंग पक्का आहे ना?’ असे विचारू नये, उत्तर ‘होय’च येणार. रंगाचा क्रमांक कोणता, कापडाचे वजन दर चौरस मीटरला किती ग्रॅम, एका खोक्यात नग किती, माल कोणत्या तारखेला निघेल, असे विचारावे. उत्तर आकड्यात आले पाहिजे. नमुन्याचे दोन तुकडे करून दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि एक आपल्याजवळ ठेवावा.

५. कागद कोणत्या भाषेत?

चिनी कंपनीचे कायदेशीर नाव चिनी लिपीतच नोंदलेले असते. इंग्रजी नाव सोयीसाठी असते. करारावर चिनी नाव, परवान्यावरील १८ अंकी-अक्षरी क्रमांक आणि कंपनीचा गोल लाल शिक्का असावा. तिथे शिक्क्याला मोठे वजन आहे. आगाऊ रक्कम, बहुधा ३० टक्के, कंपनीच्याच खात्यात भरावी. ऐनवेळी कोणा व्यक्तीचे खाते पुढे केले, तर थांबावे.

मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहेच. जिथे एकमेकांचे बोलणे कळत नाही, तिथे तिची गरज अधिकच आहे.

दुभाषा स्वतः ठरवून, त्याची मजुरी आधी बोलून घ्यावा. दुकानदाराने दिलेला दुभाषा दुकानदाराचाच असतो. शेवटचा भाव मात्र त्याच्या तोंडून नव्हे, कागदावर घ्यावा.

६. जेवण आणि रस्ता

चिनी खानावळीत नुसते ‘रौ’ म्हटले की सहसा डुकराचे मांस समजतात. ‘न्यू रौ’ म्हणजे गोमांस, ‘यांग रौ’ म्हणजे बकऱ्या-मेंढ्यांचे. पण भाजीसुद्धा चरबीत परतलेली असू शकते. म्हणून ‘छिंगझन’ अशी पाटी शोधावी. हलाल खाण्यासाठी हाच शब्द तिथे रूढ आहे. केवळ अरबी अक्षरांच्या शोधात राहू नये, २०१९ मध्ये बीजिंगमध्ये पाट्यांवरची अरबी अक्षरे काढायला लावली होती. छिंगझन शब्दाची दोन चिनी अक्षरे कागदावर मोठी लिहून घ्या आणि ताडून पाहा. लांझोऊ पद्धतीच्या शेवयांची मुस्लिम दुकाने अनेक शहरांत आहेत.

हॉटेलचे चिनी लिपीतील कार्ड खिशात हवेच. टॅक्सीवाल्याला इंग्रजी नाव कळत नाही. गुगलच्या सेवा तिथल्या साध्या जोडणीवर उघडत नाहीत, तेव्हा भाषांतराची सोय व चिनी भाषा फोनमध्ये घरूनच भरून न्यावी. यंत्राला वाक्य लहान द्यावे, एका वाक्यात एकच गोष्ट. उत्तर उलट आपल्या भाषेत फिरवून पाहावे.

निघण्यापूर्वीचे पंधरा दिवस

पत्रव्यवहारासाठी हजरत झैद बिन साबित (रजि.) यांनी प्रेषितांच्या (स.) आदेशावरून परभाषा शिकून घेतली, आणि तीही सुमारे पंधरा दिवसांत, असे हदीसमध्ये आले आहे. आम्ही पूर्ण चिनी शिकायला सांगत नाही. एक ते दहा आकडे, वान, जिन, मी, मा, झे आणि छिंगझन एवढेच शिका. रोज अर्धा तास, घरच्यांसमोर बोटांसह सराव करा. विमानाच्या तिकिटावर हजारो रुपये घालणाऱ्या व्यापाऱ्याला एवढी मेहनत जड नाही, आणि नमुना पसंत पडला तरी वहीत आकडा उतरल्याशिवाय पाकिटाला हात घालू नये.